बिनपाण्याची हजामत

एकाद्याची यथेच्छ खरडपट्टी काढणें ह्याला मराठींत 'बिनपाण्यानें हजामत करणें' असें म्हणतात. ज्या कोणीं हा वाक्प्रचार प्रथम उच्चारला त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ती ही कीं, हजामतींत मुख्य वस्तु पाणी होय, पोलाद नव्हे. पाणी असलें तर तीच क्रिया सेवा होते, नसलें तर शिक्षा होते. आमच्या पूर्वजांना जें कळत होतें तें आजच्या सुशिक्षित पुरुषाला कळेनासें झालें आहे, आणि तो दररोज सकाळीं स्वतःच्या हातानें व स्वतःच्या खर्चानें स्वतःची बिनपाण्यानें हजामत करून घेत आहे, असें आमचें म्हणणें आहे. तें ह्या लेखांत मांडावयाचें योजिलें आहे.

प्रसंग असा घडला. गेल्या उन्हाळ्यांत एका चर्चासत्रासाठीं परगांवीं गेलों असतां आमचे एक तरुण सहाध्यापक व आम्ही एकाच खोलींत उतरलों होतों. सकाळीं उठून आम्हीं टेबलावर पितळी वाटी, ब्रश, साबणाची वडी, तुरटीचा खडा आणि जवळजवळ सत्तर वर्षांचें एक सेफ्टी रेझर अशी मांडामांड केली. सहाध्यापकांनीं तोंवर पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या एक गुणगुणणारें यंत्र गालावरून फिरवून आपलें कार्य उरकलें होतें. ते आमच्याकडे पाहून हंसले आणि म्हणाले, "सर, ह्या उपद्व्यापांत तुमचीं रोज पंधरा मिनिटें जात असतील. वर्षाचे जवळजवळ चार दिवस झाले! तेवढ्यांत एक शोधनिबंध लिहून होईल." आम्ही गप्प राहिलों. उत्तर नव्हतें म्हणून नव्हे. गालांना फेस लावलेला होता म्हणून. तें राहिलेलें उत्तर आज देत आहों. ते ह्या मासिकाचे वाचक आहेत, तेव्हां तें त्यांना पोंचेलच.

प्रथम ही क्रिया काय आहे तें सांगितलें पाहिजे. कारण तिचे निंदक बहुधा तिला न पाहतांच निंदितात. दाढीचा केस कोरडा असतो तेव्हां ताठ व चिवट असतो. त्यांत दोन-तीन मिनिटें ऊन पाणी मुरलें म्हणजे तो फुगतो, मऊ होतो, आणि मग त्याला कापावयास बळ लागत नाहीं. म्हणून आधीं ऊन पाण्यांत पिळलेला पंचा तोंडावर धरावयाचा. मग भिजवून निथळलेला ब्रश साबणावर फिरवून वाटींत थेंब थेंब पाण्यानें फेस घोटावयाचा. फेस फुगलेला नको, दाट हवा; बोटावर घेतला तर सायीसारखा बसला पाहिजे. ब्रश गालावर गोल फिरूं लागला कीं आडवे पडलेले केस एकेक करून उठून उभे राहतात. मग रेझर. तें दाबावयाचें नसतें. पितळेचें वजन तेवढें पुरे असतें. आपण फक्त दिशा द्यावयाची आणि पातें कातडीशीं सुमारें तीस अंशांचा कोन करून राहील एवढें पाहावयाचें. कोन साधला तर ज्वारीच्या ताटांतून विळा फिरावा तसा एक बारीक, कोरडा आवाज येतो. चुकला तर आवाज बंद पडतो. येथें कान डोळ्याइतकाच कामाचा आहे. पहिला हात केसांच्या कलानें घ्यावयाचा, पुन्हां फेस लावून दुसरा आडवा. ज्याला हौस असेल त्यानें तिसरा उलटा घ्यावा. शेवटीं थंड पाणी, आणि ओल्या गालावर तुरटीचा खडा. आपण जेथें जेथें चुकलों असूं तेथें तेथें तुरटी झोंबते. एवढी निःपक्षपाती परीक्षक आमच्या उभ्या नोकरींत आम्हांला दुसरी आढळली नाहीं.

ह्यांत आम्हीं शोधून काढिलेलें असें कांहींच नाहीं. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडांत क्षौरकर्माचें एक सूक्त आहे. देवांना वस्तऱ्यासह पाचारण करतांना त्या ऋषीला ऊन पाण्याचा विसर पडला नाहीं. तें आणण्याचें काम त्यानें वायूकडे सोंपविलें आहे. हजारों वर्षांपूर्वीं जें एका मंत्रद्रष्ट्याला अगत्याचें वाटलें तें यंत्रवाल्या आमच्या मित्रांना उपद्व्याप वाटतें, एवढाच फरक.

ह्या क्रियेंत सुख आहे काय, असें कोणी विचारील तर आमचें उत्तर स्पष्ट आहे: आहे, आणि पुष्कळ आहे. मध्यमवर्गीय माणसाला सुखाची लाज वाटते. त्याला प्रत्येक सुखाला उपयोगाचा दाखला जोडावा लागतो. फिरावयास गेला तर मधुमेहासाठीं, गाणें ऐकलें तर रक्तदाबासाठीं. आम्ही असा दाखला जोडणार नाहीं. न्हाणीघराच्या खिडकींतून येणारा कोंवळा उजेड, वाटींतून निघणारी वाफ, साबणाचा चंदनी वास, फेसाखालून पट्ट्यापट्ट्यांनीं उघडी होत जाणारी आपली ओळखीची हनुवटी, आणि सर्व आटोपल्यावर गालावरून एकदां फिरणारा तळहात, हें सारें सुखच आहे. सकाळचा पहिला चहा सोडला तर इतक्या थोड्या खर्चांत इतकें सुख देणारी दुसरी गोष्ट आमच्या घरांत नाहीं.

आतां वेळेचा आक्षेप. वेळ वाचतो असें सर्व जण म्हणतात; पण वाचविलेला वेळ कोठें ठेविला आहे तें कोणी दाखवीत नाहीं. आमच्या सहाध्यापकांनीं यंत्राच्या साह्यानें जीं दहा-बारा मिनिटें वाचविलीं तीं त्यांनीं आमच्या डोळ्यांदेखत मोबाइलवर कोणाचे तरी वाढदिवस पाहण्यांत घालविलीं. शोधनिबंधाची एकहि ओळ त्या वेळांत लिहिली गेली नाहीं. आम्ही त्यांना दोष देत नाहीं. वेळ असाच वाचत असतो आणि असाच जात असतो. परंतु आमच्या पंधरा मिनिटांत एक गुण आहे: त्यांत दुसरें कांहींहि करतां येत नाहीं. गळ्यावर धार असतांना मनुष्य अन्यमनस्क राहूं शकत नाहीं. कठोपनिषदानें आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली ती ह्याच अनुभवांतून आली असली पाहिजे. दिवसभर दहा ठिकाणीं विखुरलेलें मन रोज पंधरा मिनिटें एका ठिकाणीं बसावयास शिकतें. ज्या काळांत विद्यार्थ्यांना एक पान सलग वाचवत नाहीं अशी तक्रार आम्ही शिक्षक मंडळी रोज करितों, त्या काळांत शिक्षकानेंच हीं मिनिटें जाळावींत हें आम्हांला पटत नाहीं.

ह्याहून गंभीर असा एक आक्षेप आहे. तो हंसत घेतलेला नाहीं, म्हणून त्याला हंसून उत्तर देतां येणार नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यानें तो घेतला. तो म्हणाला, "सर, तुम्ही ज्या जुन्या दाढीचें कौतुक करतां ती कोणाची? माझ्या पणजोबांची दाढी गांवचा न्हावी करीतच नसे."

मुलगा खरें बोलला. आमच्या आजोबांनीं जन्मांत कधीं वस्तरा हातांत धरला नाहीं. ठरलेल्या दिवशीं गांवचा न्हावी काखेंत धोकटी मारून येई, ओसरीवर बसून त्यांची दाढी करी, आणि आजोबा तेथून कोठेंहि न शिवतां थेट न्हाणींत जात. सुगीला धान्याचें बलुतें मोजून दिलें कीं वर्षाचा हिशेब संपला. ज्याच्या हातीं आपला गळा विश्वासानें द्यावयाचा त्याचाच विटाळ मानून स्नान करावयाचें, अशी ही तऱ्हा होती. आणि ज्याचा विटाळ मानावयाचा त्या न्हाव्यानें गांवकुसाबाहेरच्या माणसाच्या केसांना हात लावावयाचा नाहीं. लावला असता तर गांवानें त्याचेंच बलुतें बंद केलें असतें. मराठवाड्याच्या गांवोगांवीं हें चालत होतें आणि तें सांगणारीं माणसें अजून हयात आहेत. जुन्या वस्तऱ्याच्या चकाकींत हा डाग दडवून जो कोणी जुन्या काळाचे गोडवे गाईल त्याच्या पंक्तीला आम्ही बसणार नाहीं.

परंतु वस्तऱ्याचा इतिहास एवढाच नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथें राहणाऱ्या भिक्षूला सर्व त्यागल्यावर ज्या आठ वस्तु जवळ बाळगण्याची मुभा होती त्या म्हणजे तीन चीवरें, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, पाणी गाळण्याचें फडकें आणि वस्तरा. घर, शेत, गोत सर्व सोडिलें तरी वस्तरा स्वतःचा हवा! त्या संघांत उपालि नांवाचा एक न्हावी होता. शाक्य राजपुत्र त्याच्याबरोबर दीक्षा घेण्यास आले तेव्हां त्यांनीं स्वतः होऊन उपालीला आधीं दीक्षा देण्याची विनंती केली. हेतु हा कीं, तो वडीलधारा ठरावा, आपणांस त्याला वंदन करावें लागावें आणि आपला कुलाभिमान उतरावा. पुढें विनयाच्या नियमांचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून त्याचीच ख्याति झाली. आमच्या वारकऱ्यांनींहि सेना न्हाव्याला संतांच्या मेळ्यांत बसविलें, आणि तो देवपूजेंत गुंतला असतां प्रत्यक्ष विठ्ठलानें त्याची धोकटी उचलून राजाची हजामत केली अशी कथा सांगितली. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नाभिकांनीं विधवांचें केशवपन न करण्याचा निर्धार केला. ज्या कामांत त्यांना पैसा मिळत होता तें काम माणुसकीसाठीं त्यांनीं नाकारलें. त्या दिवशीं वस्तरा खालीं ठेवला गेला, हाच आमच्या मतें महाराष्ट्रांतील वस्तऱ्याचा सर्वांत मोठा पराक्रम होय.

हें सर्व आम्हीं त्या विद्यार्थ्याला सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि मग आमच्या साऱ्या पांडित्याहून मोलाची एक गोष्ट सांगितली. त्याच्या पणजोबांना गिरणींत नोकरी लागली तेव्हां पहिल्या सुटीवर घरीं येतांना त्यांनीं दोन वस्तु आणिल्या होत्या: एक आरसा आणि एक सेफ्टी रेझर. गांवचा न्हावी दाढी करीत नाहीं ना, न करो. अंगणांत आरसा टांगून, सर्व गांवाला दिसेल अशा रीतीनें, ते आपली दाढी आपण करूं लागले. तें रेझर त्या घरांत अजून आहे.

आम्ही जें जुनें म्हणून जपावें असें म्हणतों तें हें आहे. आमच्या आजोबांची ओसरी नव्हे. त्या पणजोबांचें अंगण. सेफ्टी रेझरनें दोन बंधनें एकदम तोडलीं. ज्याला दुसऱ्याच्या हातून फुकटांत सेवा घेण्याची संवय होती त्याला स्वतःच्या हातानें काम करावयास लाविलें, आणि ज्याला ती सेवा नाकारली होती त्याला कोणाच्या दारीं न जाण्याचें बळ दिलें. मुठीएवढें पितळ, पण तें स्वतःच्या मालकीचें होतें. आतां प्रश्न असा कीं, ती मालकी आज आपल्याकडे राहिली आहे काय?

राहिलेली नाहीं, आणि ती कशी गेली तें पाहण्यासारखें आहे. १९०३ सालीं किंग कॅम्प जिलेट ह्या अमेरिकन गृहस्थाच्या कारखान्यानें पहिल्या वर्षीं ५१ रेझरें व १६८ पातीं विकलीं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांसाठीं त्याजकडून ३५ लाख रेझरें घेतलीं. त्याचें एकस्व १९२१ सालीं संपलें, आणि तेव्हांपासून दोन्ही बाजूंनीं धार असलेलें तें पातळ पातें जगाच्या सामाईक मालकीचें झालें. कोणीहि तें करावें, कोणाच्याहि दांडींत तें बसावें. कलकत्त्याच्या कारखान्यांतून निघालेलें पातें असो कीं ठाण्याच्या वागळे इस्टेटींत दीर्घकाळ तयार होऊन देशोदेशीं गेलेलें असो, तें आमच्या वडिलांच्या रेझरांत एक केसभरहि अडत नाहीं. सत्तर वर्षांपूर्वींच्या यंत्राला आज सकाळीं दुकानांतून आणलेला भाग बिनतक्रार बसतो, अशी दुसरी वस्तु वाचकांनीं आपल्या घरांत शोधून पाहावी. आमच्या घरांतील छपाईच्या यंत्राला तर तीन वर्षांपूर्वींची शाईहि चालत नाहीं.

व्यापाऱ्याच्या दृष्टीनें हा गुण नव्हे, रोग होय. त्यावर औषध निघालें. १९७१ सालीं दोन पात्यांचें कार्ट्रिज आलें, १९९८ सालीं तिनांचें, २००६ सालीं पांचांचें. ह्या पस्तीस वर्षांत मनुष्याच्या गालाला कांहीं पांच थर फुटले नव्हते. पण पातें कार्ट्रिजमध्यें बंद झालें, कार्ट्रिजची खोबण कारखानदाराची झाली, आणि दांडी हातांत आली ती केवळ बेडी म्हणून. एकाची दांडी घेतली कीं जन्मभर पातें त्याचेंच घ्यावयाचें. आमच्या देशांत कसेल त्याची जमीन करण्यासाठीं कूळकायदा करावा लागला. आणि आम्ही शिकलेले लोक आपण होऊन आपल्याच हनुवटीचे कूळ झालों आहों, महिन्याच्या महिन्याला खंड भरीत आहों!

खंड किती, त्याचा हिशेब वाचकांनीं करावा. आमच्या गल्लींतील दुकानांत साधें पातें चार रुपयांच्या आसपास पडतें. एक पातें आम्हांला पांच वेळां पुरतें. म्हणजे वर्षाला ७३ पातीं आणि २९२ रुपये. आमचे शेजारी पांच पात्यांचें कार्ट्रिज महिन्याला दोन वापरतात. एक दीडशें रुपयांना धरलें तरी वर्षाचे ३,६०० झाले. फरक ३,३०८ रुपयांचा. चाळीस वर्षें दाढी केली तर हा आंकडा सव्वा लाखाच्या वर जातो. मराठींत 'हजामत होणें' ह्याचा दुसरा अर्थ लुबाडलें जाणें असा आहे. शेजाऱ्यांच्या बाबतींत दोन्ही अर्थ एकाच क्रियेंत साधतात.

बरें, एवढें देऊन मिळतें काय? पहिलें पातें केस ओढून धरितें, मागचें पातें तो आंत परतण्यापूर्वीं कापतें, आणि केसाचें टोंक कातडीच्या पातळीखालीं जातें. गुळगुळीतपणा येतो खरा. पण ज्यांचे केस कुरळे व राठ आहेत त्यांच्यांत तें टोंक वाढतांना आंतल्या आंत वळतें आणि पुळी उठते. अशा रोग्याला त्वचेचे डॉक्टर बहुधा कमी पातीं वापरावयास सांगतात. म्हणजे पांच पात्यांपर्यंत प्रगति करून पुन्हां एकावर यावयाचें, आणि मध्यंतरीं खंड भरावयाचा तो भरावयाचाच. शिवाय वापरलेलें साधें पातें म्हणजे निव्वळ पोलाद. आम्हीं एका जुन्या पत्र्याच्या डब्याला फट पाडून ठेविली आहे; बोथट पातें तीतून आंत जातें, आणि डबा भरला कीं बंद करून भंगारवाल्याला देतां येतो. सफाई करणाऱ्या कोणाचा हात त्यानें कापत नाहीं. कार्ट्रिजमधील पोलाद, रबर व प्लास्टिक मात्र एकमेकांना असें चिकटलेलें असतें कीं तें शेवटीं उकिरड्यावरच जातें.

येथें एक चतुर वाचक आम्हांला अडवील. तो म्हणेल, "वापरा आणि फेंका ही कल्पनाच मुळीं जिलेटची. तुमचें लाडकें पातेंच ह्या साऱ्या पापाचें मूळ आहे." आक्षेप खरा आहे. बाटल्यांचीं बुचें विकणाऱ्या कंपनींत फिरता विक्रेता असतांना, लोक एकदां वापरून टाकतील व पुन्हां विकत घेतील अशी वस्तु शोध, हा सल्ला त्या गृहस्थाला मिळाला होता. गंमत अशी कीं, त्याच माणसानें १८९४ सालीं व्यापारी स्पर्धा अजीबात नाहींशी करून सर्व उद्योग समाजाच्या मालकीचा करावा असें सांगणारें पुस्तकहि लिहिलें होतें. पोलादाला पुन्हां पुन्हां धार लावून तेंच वापरणारा जुना वस्तरा ह्या दृष्टीनें अधिक सात्त्विक, हें आम्ही मान्य करितों. ज्याला पट्ट्यावर वस्तरा घासण्याची कला साधली असेल त्याला आम्ही नमस्कारच करूं; आम्हांला ती साधली नाहीं, आणि एकदां प्रयत्न केला त्याची खूण डाव्या कानाखालीं आहे. परंतु एकच वस्तरा दहा गळ्यांवरून फिरे तेव्हां एकाचें रक्त दुसऱ्याला बाधूं शकतें, हें आज सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच आमचा नाभिक दाढीला प्रत्येक गिऱ्हाइकासाठीं नवें अर्धें पातें मोडून लावितो, आणि तें योग्यच करितो. जुनें तें सर्व सोनें असें आमचें म्हणणें नाहीं. शंभर भागांतले नव्याण्णव भाग टिकावे आणि झिजणारा एक भाग तेवढा स्वस्तांत, कोणाकडूनहि बदलतां यावा, एवढाच आमचा आग्रह आहे. जिलेटनें तो तोल जाणून साधला कीं नकळत, ह्याच्याशीं आम्हांला कर्तव्य नाहीं.

उरकणाऱ्यांचा समाचार झाला; आतां मिरवणाऱ्यांचा घेतला पाहिजे, नाहीं तर ते आम्हांला आपल्यांतलेच समजतील. अलीकडे जुनीं रेझरें जमविण्याचा एक शौक निघाला आहे. हे लोक आमच्या जाफर गेटच्या रविवारच्या बाजारांतहि जुन्या कुलपांच्या व तुटक्या घड्याळांच्या ढिगांतून रेझरें शोधीत हिंडतात. शोधण्याला आमची हरकत नाहीं. भंगारांतून एकादें पितळ वांचत असेल तर तें पुण्यच आहे. परंतु पुढें काय होतें? कांचेच्या कपाटांत साठ रेझरें, बारा ब्रश, तीस साबण. रेझरवर कोरलेल्या अक्षरावरून त्याचें साल काढावयाचें, आणि तें साल आपल्याकडे नाहीं म्हणून रात्रभर तळमळावयाचें. एका तोंडाला साठ रेझरें लागत नाहींत. जो मनुष्य कार्ट्रिजच्या खंडांतून सुटण्यासाठीं जुन्या रेझरकडे आला आणि हजारोंच्या संग्रहांत अडकला त्यानें फक्त सावकार बदलला, कर्ज तसेंच आहे. भिक्षूच्या आठ वस्तूंत वस्तरा होता, वस्तरे नव्हते. हें एकवचन आमच्या शौकीन मित्रांनीं ध्यानांत ठेवावें.

आणि आतां मूळच्या पाण्याकडे येतों. आम्ही ज्या नगरांत राहतों त्याला पाण्याविषयीं बोलण्याचा अधिकार आहे. सतराव्या शतकांत मलिक अंबरनें डोंगरांतील झऱ्यांचें पाणी भुयारी नहरींनीं येथें खेळविलें, आणि पाणचक्कीवर उभें राहिलें म्हणजे तशीच कारागिरी आजहि डोळ्यांना दिसते. त्याच नगरानें, औरंगाबादचें छत्रपती संभाजीनगर होण्याच्या आधींहि आणि नंतरहि, नळाला आठ-आठ दिवसांनीं पाणी येण्याचे उन्हाळे काढिले आहेत. पैठणला नाथसागर भरलेला आणि घरांत हंडे रिकामे, हें ज्यानें पाहिलें त्याला थेंबाची किंमत सांगावी लागत नाहीं. अशा दिवसांत आम्ही मोजून पाहिलें: आमची साग्रसंगीत दाढी, दुसरा हात धरूनहि, एका तांब्या पाण्यांत होते. अर्धा तांब्या ऊन, अर्धा थंड. उलट डब्यांतून फुसकन् निघणारा तयार फेस लावून, वाहत्या नळाखालीं कार्ट्रिजच्या फटी धूत उभे राहणारे गृहस्थ दर वेळीं बादली रिकामी करितात. कारण पांच पात्यांच्या फटींत अडकलेले केस दुसऱ्या कशानें निघतच नाहींत. जो पाण्याला मान देतो त्याला तें थोडें पुरतें. जो देत नाहीं त्याच्यापुढें नळ वाहत असला तरी त्याची हजामत बिनपाण्याचीच होते.

आमच्या सहाध्यापकांनीं आमच्या ज्या रेझरला हंसून पाहिलें तें कोणाचें, हें सांगून लेख आटोपतों. तें आमच्या वडिलांचें. ते तालुक्याच्या गांवीं शाळामास्तर होते, आणि पहिल्या पगारांतून त्यांनीं तें शहागंजांतील एका दुकानांतून आणिलें. आजोबांना तें आवडलें नाहीं; न्हाव्याचें काम मुलगा स्वतः करितो हें त्यांना कमीपणाचें वाटे. वडिलांनीं वाद घातला नाहीं. ते रोज सकाळीं दाढी करून शाळेंत जात राहिले. शेवटच्या आजारांत त्यांचा हात थरथरूं लागला तेव्हां दोन महिने आम्हींच त्यांची दाढी त्याच रेझरनें केली. तोंवर आम्हीहि पांच पात्यांचेंच कार्ट्रिज वापरीत होतों आणि आमच्या हाताला जोर देण्याची संवय लागली होती. पहिल्या दिवशीं त्यांच्या गालावर रक्ताचा एक थेंब आला. त्यांनीं डोळे न उघडतां म्हटलें, "दाबूं नकोस. त्याला त्याचें काम करूं दे."

त्यांच्यामागें तें रेझर कांहीं दिवस ट्रंकेंत पडून होतें. एके दिवशीं काढून ऊन पाण्यानें व साबणानें घासलें, चार रुपयांचें पातें बसविलें, आणि तें बसलें. तेव्हांपासून आम्ही रोज सकाळीं पंधरा मिनिटें जोर न देण्याचा अभ्यास करीत आहों. वर्षाचे चार दिवस त्यांत जातात, हा आमच्या तरुण मित्रांचा हिशेब बरोबर आहे. ते चार दिवस आम्ही कोणालाहि विकणार नाहीं.